फौजीकाकांचं मलम

फौजीकाका गोळीची चौकशी केल्याशिवाय ती तोंडात टाकत नसत. सकाळी आठला मी औषधांची ट्रॉली त्यांच्या दारात थांबवली की ते खुर्चीत ताठ बसायचे, तळहात पुढे करायचे आणि प्रत्येक गोळीची झडती घ्यायचे. "ही कोण? काम काय करते? कुणी पाठवली?" तिन्ही उत्तरं पटली तर गोळी आत, नाहीतर परत ट्रॉलीवर. शेजारच्या खोल्यांतले म्हातारे निमूटपणे गिळायचे. काका म्हणायचे, "कबुतरं आहेत. दाणे टाक, टिपतील."

मी ब्रिटनमध्ये मिल्टन कीन्सला राहते आणि तिथून पाऊण तासावरच्या गावात, कौन्सिलच्या केअर होममध्ये, म्हणजे सरकारी वृद्धाश्रमात, औषधांचं काम बघते. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीही. पहिल्याच आठवड्यात काकांनी माझं नाव 'यादीबाई' ठेवलं. त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचे सगळे शेरे ऐकायला मी एकटीच होते.

शेरे सर्वांवर असत. चहावर, टीव्हीवर, गालाला हात लावून 'डार्लिंग' म्हणणाऱ्या मुलींवर. पण खास राखीव होते ते आमचा मॅनेजर गॅव्हिन याच्यासाठी. गॅव्हिन प्रत्येकाच्या खुर्चीपाशी उकिडवा बसून मोठ्याने विचारायचा, "अँड हाऊ आर वी टुडे?" काका माझ्याकडे वळायचे. "हा 'वी' म्हणजे कोण गं? याच्या पोटात जंत आहेत का?" गॅव्हिन समजल्यासारखा हसायचा. त्याला वाटायचं, काका त्याचं कौतुक करताहेत.

एकच गोष्ट झडतीशिवाय चालायची, ती म्हणजे पाठीचं मलम. मानेपासून कमरेपर्यंत त्यांची पाठ भाजलेली होती. जुनी, ताणलेली, चकचकीत कातडी. सकाळ-संध्याकाळ मलम लागलं नाही तर ती तडकायची. मी मलम लावत असताना काका एक शब्द बोलत नसत. संपलं की म्हणायचे, "झालं? निघ." एवढेच आभार.

मग एका सोमवारी सर्जरीकडून, म्हणजे गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडून, यादी आली. साधी मलमं, साधे थेंब यापुढे प्रिस्क्रिप्शनवर मिळणार नाहीत, ज्याचं त्याने दुकानातून आणावं. वर मथळा होता 'सेल्फ-केअर'. मी आमच्या रहिवाशांच्या तक्त्यांवर त्या त्या ओळी खोडल्या आणि काकांना वाचून दाखवलं.

"सेल्फ?" काका म्हणाले. "स्वतःचं स्वतः जमलं असतं तर या कबुतरखान्यात आलो असतो का?"

खरी गोम पुढे होती. आमच्या होमचा नियम असा की फार्मसीचं नावानिशी लेबल नसलेलं औषध कर्मचाऱ्याने कुणाला लावायचं नाही. म्हणजे दुकानातला डबा आणावा, टेबलावर ठेवावा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघत बसावं. मी गॅव्हिनला हे सांगितलं.

"त्यांनी स्वतः लावायला आमची काहीच हरकत नाही," गॅव्हिन म्हणाला.

"पाठीला?"

त्याने यावर विचार केला आणि लांब दांड्याचा एक स्पंज मागवला. काकांचा हात कानाच्या वर जात नव्हता. ते त्या स्पंजने खुर्चीत बसल्या बसल्या टीव्ही बंद करू लागले. गॅव्हिनसारखी माणसं वाईट नसतात. वाईट व्हायलाही काहीतरी स्वतः ठरवावं लागतं.

"काका, दुकानातून आणून मी गुपचूप लावते," मी म्हटलं.

"चोरून? मी हक्काचं मागतोय."

"कसला हक्क?"

"विचारलंस कधी?"

मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कोमट पाण्याने तो सोडवायला वीस मिनिटं लागली. काका दात आवळून बसले होते. जखमेची नोंद करायची म्हणून मी विचारलं, "मुळात हे भाजलं कुठे?"

"जर्मनीत. वर्कशॉपला आग लागली."

"आपली फौज जर्मनीत कशाला गेली होती?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गॅव्हिनकडे बघायचे तसंच. "आपली म्हणजे कुणाची? मी इथल्या फौजेत होतो. अठराव्या वर्षी ईलिंगहून भरती झालो."

ते आले त्या दिवशीचा अर्ज मीच भरला होता. ते म्हणाले होते, "फौजेत होतो, ट्रक दुरुस्त करायचो." मी पुण्याची. निवृत्त फौजी आमच्या प्रत्येक गल्लीत. मराठी म्हातारा मराठीत 'फौज' म्हणाला, मला पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. 'ब्रिटिश सैन्यात सेवा?' यापुढे मी 'नाही' लिहिलं आणि त्वचेच्या रकान्यात 'कोरडी'. नंतर रोज पाठ बघूनही ते बदललं नाही. सर्जरीने कोरड्या त्वचेचं मलम बंद केलं होतं. ती कोरडी त्वचा माझ्या हस्ताक्षरात होती.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतकी झरझर लिहीत होतीस. म्हटलं, बाई हुशार दिसते, तिला माहीतच असणार."

बुटाच्या पॉलिशच्या डब्याखाली त्यांचं वॉर पेन्शनचं पत्र होतं. त्यात सेवेत झालेली इजा म्हणून पाठीचं भाजणं स्पष्ट लिहिलेलं. अशा इजेच्या औषधाला सर्जरीची ती बंदी लागू नव्हती. पत्राची प्रत, दुरुस्त केलेला अर्ज आणि पाठीचा फोटो मी त्याच दिवशी सर्जरीला पाठवला. तिथल्या फार्मासिस्टने फोन केला, "पण आमच्या रेकॉर्डला तर..." मी म्हटलं, "रेकॉर्ड मी लिहिलंय, आणि ते चूक आहे. तुमचा निर्णय लेखी कळवा." पुढच्या मंगळवारी लेबल लावलेला डबा आला. काकांनी पहिल्यांदाच मलमाची झडती घेतली. लेबलावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मग शर्ट काढला.

गॅव्हिनला आता कॉरिडॉरमधल्या फलकावर 'आमचे वीर' म्हणून त्यांचा फोटो हवा होता. काका म्हणाले, "त्याला सांग, मी आगीपासून पळालो, म्हणून पाठ भाजली. वीर असतो तर तोंड भाजलं असतं." मी भाषांतर केलं. गॅव्हिनने फोटोचा विषय पुन्हा काढला नाही.

फेब्रुवारीत छातीत कफ झाला आणि काका हॉस्पिटलमध्ये गेले ते गेलेच. अर्धा उरलेला डबा नियमाप्रमाणे मी फार्मसीला परत केला आणि तक्त्यावरची त्यांची ओळ बंद केली.

मग मी सगळ्या रहिवाशांचे अर्ज काढले आणि एकेकाच्या समोर बसले. फौजेत होता का? कुठल्या? तिथे काय झालं? नऊ नंबरच्या मार्गारेटला तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं, कारण ती बाई. ती फौजेत होती, तोफखान्याच्या सरावाच्या मैदानावर काम करायची, तिथेच तिचे कान गेले. तिचे कानाचे थेंब त्या सोमवारी मीच खोडले होते.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू कायम घाईत असतेस, लव्ह," ती म्हणाली.

मी सगळं सावकाश लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, तिची सही घेतली. उठले, आणि 'झालं? निघ' असं कुणीतरी म्हणेल म्हणून क्षणभर दारात थांबले.