अक्काचे अपूर्णांक

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, शाळा पाचवीत अपूर्णांकांच्या धड्यावर सुटली. आई आजारी पडली होती, भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं होतं, आणि मी पहिलीत होतो. आई सावरली, पण अक्का पुन्हा शाळेत गेली नाही. तिच्या हातच्या भाकऱ्या खाऊन मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला.

नव्वदच्या दशकात मला बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या एका कारखान्यात, माल तपासायची नोकरी लागली. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली अक्का आनेकल रस्त्यावरच्या माझ्या खोलीत राहायला आली. कारखान्यात रसायनं मापून मिसळायच्या कामावर बायका घेणार होते. शिक्षणाची अट नव्हती, फक्त अपूर्णांकांची लहानशी लेखी परीक्षा होती.

"मला ते काम पाहिजे," अक्का म्हणाली. त्याआधी तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी रोज संध्याकाळी वहीत गणितं घालून देऊ लागलो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सारं तिला बाजारहाटातून पाठ होतं, त्यात ती माझ्याआधी उत्तर द्यायची. अडलं ते तिसऱ्या हिश्शाशी. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज तिने दोन पंचमांश लिहिली.

"वरचे वर मिळवले, खालचे खाली. चुकलं कुठं?"

मी म्हटलं, दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली आणि ते कमी कसं झालं?

"बँगलोरात होत असंल तसं," ती म्हणाली.

मग मी एका कागदाला घड्या घालून सहा सारखे भाग केले. अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्शाचे दोन, मिळून सहातले पाच. ती बराच वेळ कागद उलगडत, मिटत राहिली.

"म्हणजे आधी दोघांचे तुकडे एका मापाचे करायचे. एवढंच होतं होय रे?"

परीक्षा देऊन आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. सगळं आलं म्हणाली. पण यादीत तिचं नाव नव्हतं.

मी पर्यवेक्षकांकडे जाऊन तिचा पेपर पाहिला. दहाही उत्तरं बरोबर होती, आणि सगळी मराठी आकड्यांत. प्रश्नांतले इंग्रजी आकडे ती बसच्या पाट्यांमुळे वाचू शकत होती, पण लिहिताना हाताला जे येत होतं तेच उतरलं. दिवसभर कारखान्यात इंग्रजी आकडे लिहिणारा मी घरी तिच्या वहीत मराठीच लिहीत होतो. आम्ही दोघं शाळेत तेच शिकलो होतो, मला वेगळं सुचलंच नाही.

पर्यवेक्षक कन्नड होते, माणूस वाईट नव्हता. डब्यांवरही ती असंच लिहील, मग पुढच्या पाळीच्या बाईला काय कळणार, असं त्यांनी विचारलं. सहा महिन्यांनी पुन्हा पाठवा, ते म्हणाले.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं.

"गणितं बरोबर होती?"

"सगळी."

ती वही पुढे सरकवून म्हणाली, "काढ ते तुमचे आकडे."

स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत तिला ते आले. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात अजून आहे: 1/2 + 1/3 = 5/6.

चार महिन्यांनी गावाहून पत्र आलं. आई न्हाणीत पडली होती, तिला उठता येत नव्हतं. कुणी जायचं हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. अक्काने पिशवी भरली, मी तिला बसवर सोडायला गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "परीक्षा कधी आहे ते कळव हं."

तारीख लागली तेव्हा आईला कुशीवर वळायलाही अक्का लागत होती. मी कळवलं नाही. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.