हँडल उजवीकडे, हँडल डावीकडे

आमच्या नणंदबाईंचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. हातात पाना असला की त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत, सख्ख्या भावाचंही नाही. तो भाऊ म्हणजे आमचे हे.

हे गाडीवरून घरोघरी औषधं पोचवतात. तीन महिन्यांपूर्वी पडले आणि उजवा खांदा निखळला. उद्या रुजू झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती. कधीही विचारा, उत्तर एकच, "ठणठणीत आहे मी!" फक्त वाकायला नको म्हणून उंच हँडल हवं होतं.

"जुन्याच केबल ठेव, थोड्या ताण," हे म्हणाले.

"दादा, ते काय रबर आहे? हँडल उंच झालं की क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळ्या केबल तोकड्या पडतात. वळताना गाडी आपोआप रेस झाली तर जाशील थेट भिंतीवर!"

नणंदबाईंनी लांब केबल टाकीखालून ओवल्या, कुठे मुरड पडू दिली नाही, एकेक नट आवळला. सगळी दुपार त्यात गेली.

मग परीक्षा. तिच्याशिवाय त्या गाडी देतच नाहीत. मालकाने वर बसायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवायचं. आवाज वाढला तर केबल पुन्हा काढायची.

उजवीकडे वळलं. डावीकडे अर्ध्यातच थांबलं.

"अडकतंय गं. तुझी केबलच तोकडी," ह्यांनी खापर फोडलं.

नणंदबाईंनी ह्यांचे हात बाजूला केले आणि एका बोटाने हँडल ढकललं. ते शेवटपर्यंत गेलं, आवाज जराही बदलला नाही.

"डावीकडे वळताना उजवा हात पुढे न्यावा लागतो. दादा, ने बघू."

हात पुढे जाईना. ह्यांच्या कपाळावर घाम आला. मला इतका राग आला, आणि रडूही.

नणंदबाईंनी इंजिन बंद करून चावी खिशात टाकली. "खांदा बरा झाला की घेऊन जा."

ह्यांनी फोन काढला. "साहेब, उद्या जमणार नाही. हात उचलत नाही. जागा दुसऱ्याला द्या."

तीन महिने रोज विचारत होते मी, आणि खरं सांगितलं ते साहेबांना! भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "आता घरी बसून मी काय करू गं?"

ह्यांचा डावा हात धरून मी त्यांना गाडीवरून उतरवलं.