आखाजीला उपाशी राहिलेल्या पेशी

डॉ. निर्मलाताई चौधरी यांना मी पहिल्यांदा भेटले ती जळगावच्या प्रयोगशाळेत, मुलाखतीला. दोंडाईचाहून प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन आले होते. ताईंनी ती बाजूला सारली आणि घरी गुरं आहेत का, असं विचारलं. दोन म्हशी आहेत, म्हटलं. मग जमेल, म्हणाल्या. म्हशीला रविवार कळत नाही, आमच्या पेशींनाही नाही.

ताईंच्या साठीनिमित्त त्यांच्या संशोधनावर जाणकार लिहितीलच, मी आपलं साध्या शब्दांत सांगते. मधुमेहाने एकाची नजर जाते, दुसऱ्याची तेवढ्याच साखरेत शाबूत राहते. असं का होतं हे शोधायला जिवंत माणसाच्या डोळ्याचा तुकडा काढता येत नाही. म्हणून ताई रुग्णाचं थोडं रक्त घेतात, त्यातल्या पेशींच्या मूळपेशी करतात आणि त्यांपासून डोळ्याच्या पडद्यात असतात तशा बारीक रक्तवाहिन्या बशीत वाढवतात. हे काम मोठ्या शहरांतच होतं म्हणणाऱ्यांना ताईंनी ते खान्देशात करून दाखवलं. याचा आम्हा शिष्यांना फार अभिमान आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ताई ती कधीच सांगणार नाहीत. पेशींना रोज ताजं खाद्य द्यावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. प्रयोगशाळेतली मैत्रीण बघेल, असं गृहीत धरलं. तीही माहेरी गेलेली! परतलो तर नाना नावाच्या एका रुग्णाच्या पेशी मेलेल्या. त्यांतल्या काही राखीव म्हणून गोठवून ठेवायच्या अजून बाकीच होत्या.

नाना रावेरकडचे केळीवाले शेतकरी. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू. ताई मला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट नानांच्या ओसरीवर गेल्या. चूक माझ्या प्रयोगशाळेची आहे, म्हणाल्या; माझं नावही घेतलं नाही. रक्त पुन्हा दिलंत तरी तुमची नजर परत येणार नाही, झाला तर पुढच्यांना उपयोग होईल, हेही स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, आता हे आपल्याला वाटेला लावणार. पण नानांनी बाही वर केली.

“केयीचं रोप मेलं तं आम्ही नांग्या भरतो, त्याच जागी दुसरं लावतो. घे पोरी, पुन्हा रगत घे.”

मला रडू आवरेना. निघताना ताईंनी नानांच्या लेकीची, सुनंदाताईंची चौकशी केली. त्यांनाही साखर होती, पण मला नीट दिसतं, म्हणत होत्या. ताईंनी त्यांना गाडीत बसवूनच तपासणीला नेलं. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांतून गळती सुरू झालेली निघाली. वेळेवर लेसर झालं आणि त्यांची नजर टिकली. तेव्हापासून आम्ही ज्या घरातून रक्त आणतो, त्या घरातल्या सगळ्यांचे डोळे आधी तपासतो.

नानांच्या पेशी पुन्हा वाढल्या. आता त्या पेशींवर एक औषध तपासलं जातंय. गेल्या महिन्यात नाना प्रयोगशाळेत आले. त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रक्तवाहिन्यांची जाळी ताईंनी त्यांच्या तळहातावर बोटाने रेखून दाखवली. औषध कधी निघेल, असं त्यांनी विचारलं.

“ठाऊक नाही, नाना,” ताई म्हणाल्या. “पण काम थांबणार नाही.”

ताई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि तुमचा हात असाच स्थिर राहो. औषध निघेल त्या दिवशी ते सांगायला रावेरला तुम्हीच जावं, आणि ऐकायला नाना असावेत.