पंचमीच्या दिवशी पोटावरची काकडी

माझी शाळा चौथीपर्यंत, तेही हिंदीत. घरची बोली मराठी, म्हणून हे मराठीत लिहून राह्यलो. चुका निघाल्या तर निघू द्या. कोणाले विचारून लिहिण्याची मले सवय नाई.

बालाघाटले आमचं घर छोट्या लाईनीच्या, म्हणजे लहान रेल्वेच्या रुळाच्या, अलीकडं होतं. घरामागं वावरातून गेलं का अखाडा लागे. वर कवेलूचं छप्पर, मधी तेल, ताक अन् हळद घालून मऊ केलेली लाल माती, कोपऱ्यात शेंदूर लावलेला बजरंगबली. नुकतीच मिशी फुटून राह्यली होती तेव्हा मी तिथं जायले लागलो. घरच्या कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या आळीतले पोट्टे मले "पापड" म्हणत. हात लावला का मोडते म्हणून. त्यायचं तोंड बंद करायचं होतं, दुसरं काही नाई.

उस्ताद दिवसा आरामशीनवर लाकडं चिरत अन् सांजच्याले आमाले शिकवत. कुस्ती, लाठी कोणीही शिकावी, ते नाई म्हणत नव्हते. पण "आता हा आपला" असं कोणाले कधी म्हणत, तर तो पट्ट्याखाली झोपल्यावर. पट्टा म्हणजे लांब, लवलवती तलवार, तिची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. नव्या पोरानं मातीत उताणं झोपायचं, उघड्या पोटावर काकडी ठेवायची, अन् पट्टेवाल्यानं पट्टा फिरवत आणून ती काकडी मधातून कापायची. चामडीले ओरखडा लागला नाई पाहिजे.

"डोळे उघडे ठेवजो," उस्ताद मले सांगत. "डोळा मिटला का पोट आपोआप वर येते. मंग पट्टेवाल्याले दोष देऊन फायदा नाई."

अन् माझे डोळे तर मिटतच. मी मिटत नव्हतो, ते मिटत. लाठी समोरून आली का डोळे बंद. उस्तादानं तोंडावर पाणी मारून पाह्यलं, मुठीत माती घेऊन उडवून पाह्यलं. मी मनात बजरंगबलीचं नाव घेऊ, दात दाबू, अंगठा मातीत रोवू. जिथं हुकूम चालायले पाहिजे तिथंच माझा चालत नव्हता.

माझ्यावर पट्टा चालवायले उस्तादानं माझ्या भाटव्याले उभं केलं. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात लाईनीपलीकडच्या घरी झालं होतं, तिचा हा नवरा. लाकडाच्या डेपोत कामाले होता. लाठीत त्याच्यासमोर कोणी टिकत नव्हतं, पण पट्टा त्याले नवीनच मिळाला होता. म्हणजे मी पहिल्यांदा झोपणार अन् तोही पहिल्यांदाच कापणार.

"साळ्या," तो सगळ्यायच्या समोर म्हणे, "मांडवात माहा जोडा लपवला होता न तू? झोप आता गुमान."

"भाऊजी, जोडा परत देल्ला होता न."

"एकच देल्ता. दुसरा कुत्र्यानं नेला, म्हणे तू."

सगळे हसत. मीही हसू. सरावाले तो पट्ट्याच्या जागी बांबूची कामटी घेई. कामटी वरून सपकन येई, माझे डोळे मिटत, पोट वर येई, अन् काकडीच्या बाजूनं लाल वळ उठे. रोज. घरी आंघोळ करताना मायनं पाह्यलं.

"पोटावर काय झालं रे?"

"मुंग्या चावल्या."

"मुंग्या काय रूळ घेऊन आल्या होत्या? सरळ रेघा ओढल्या तुझ्या पोटावर."

खरं सांगितलं असतं तर सोडून दे म्हणाली असती, अन् सोडणं माझ्यात नव्हतं. रातच्याले विचार करू, उस्तादाचा पाय मुरगळला पाहिजे, पाऊस येऊन अखाडा वाहून गेला पाहिजे, भाऊजीले ताप आला पाहिजे. पण मी जाणार नाई असं नाई म्हणणार.

श्रावणात बाई पहिल्या नागपंचमीले माहेरी आली. मोठ्या बहिणीले आमी बाईच म्हणतो. आदल्या दिवशी, चवथीले, बहीण भावासाठी उपास धरते, भावाले काही होऊ नये म्हणून. लगनानंतरचा तिचा तो पहिलाच, म्हणून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाई. पंचमीच्या दिवशी तर घरात काही चिरायचं नाई, कापायचं नाई, जमीन खोदायची नाई, तवा ठेवायचा नाई. कुठं नागाले लागंल. मायनं विळी कालच माळ्यावर टाकली होती अन् आज दिंडं उकडून राह्यली होती.

अखाड्यातही तेच. माती आदल्या दिवशी खोदून ठेवत. पंचमीले कुस्त्या होत, पट्ट्याची पूजा होई, पण पट्टा चालत नव्हता. माझी पाळी ठेवली होती परवावर. म्हणून त्या दिवशी मी जरा मोकळा होतो. नारळाचं खोबरं चाबत कुस्त्या पाहत होतो.

तेवढ्यात लाकडाचा ठेकेदार आला. अखाड्यावरची कवेलू त्यानंच आपल्या पैशानं घालून देल्ली होती, म्हणून त्याच्यासाठी बाज टाकली. दोन-चार कुस्त्या पाहून तो म्हणाला, "उस्ताद, सुना है कोई नया लड़का पट्टे के नीचे लेट रहा है?"

"परसों, सेठजी. आज पंचमी है."

"परसों मैं कहाँ? परसवाड़ा निकल जाऊँगा. आज ही दिखा दो. ककड़ी ही तो है, नाग थोड़ी है."

लोक हसले. उस्तादानं वर कवेलूकडं पाह्यलं, मंग बजरंगबलीकडं. मले वाटलं आता नाई म्हणतील. त्यायनं भाऊजीले मानेनं इशारा केला.

मी सगळ्यायच्या तोंडाकडं पाह्यलं. कोणी तरी म्हणावं, आज नको. माझ्यापेक्षा मोठे, शहाणे, पंचमी पाळणारे इतके लोक बसले होते. कोणी बोललं नाई. मी बंडी काढली अन् मातीत उताणा झालो. काकडी कोणी ठेवली ते दिसलं नाई, फक्त थंड लागली.

घरी कोणी सांगितलं देव जाणे. बाई पळत आली. अखाड्याच्या तोंडाशी निंबाचं झाड होतं, बाया त्याच्या पुढं येत नव्हत्या. ती तिथंच थांबली अन् तिथूनच भाऊजीले बोलली, "अवो, आज नका करू. आज पंचमी आहे. काल दिवसभर पाण्यावर होती मी त्याच्यासाठी."

"घ्या, वकील आली," मागून कोणी म्हणालं.

ठेकेदार बाजेवर हसायले लागला. "क्यों भाई, घर में हुकुम किसका चलता है?"

भाऊजीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. "घरी जा," तो तिच्याकडं न पाहता म्हणाला. ती हालली नाई.

उस्ताद माझ्याजवळ वाकले. हळूच बोलले, तरी सगळ्यायले आयकू आलं. "पोरा, तू सांग. उठायचं असंल तर उठ. मी कोणाले बोलू देणार नाई."

हेच तर मी रोज मागत होतो. कोणी तरी उठ म्हणावं. अन् ते म्हटलं तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "कापा."

लोक मले अजून विचारतात, काहून नाई उठला? बाईच्या पदरामागून उठून गेलो असतो तर मरेपर्यंत पापड राह्यलो असतो. आज विचारा, आजही नाई उठणार.

भाऊजीनं हात पट्ट्यात घातला. मी ठरवलं, पट्ट्याकडं पाहायचंच नाई. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. पट्टा हवेत गुणगुणला, डाव्या बाजूनं गेला, उजव्या बाजूनं गेला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण डोळे उघडेच राह्यले. मीच चकित झालो. पोट जमिनीसारखं पडून होतं. मले कळलं, आता जमलं. आता त्यानं आणावा पट्टा.

पट्टा वर गेला अन् वरच राह्यला.

भाऊजीच्या हनवटीवरून घाम टपकून राह्यला होता. ओठ हालत होते, आवाज नव्हता.

"मारा न, भाऊजी," मी म्हणालो.

त्यानं पट्टा खाली घेतला.

आधी कोणाले समजलं नाई. मंग एकदम हशा झाला. कोणी शिट्टी मारली. ठेकेदार "चलो, हो गया तमाशा" म्हणत उठला अन् निघून गेला. भाऊजी मुठीतून हात काढत होता, तो हात लवकर निघेना.

"उठ," उस्ताद मले म्हणाले.

"नाई उठत. कापा. कोणीही कापा."

कोणी पट्टा उचलला नाई. मी पडून, पोटावर अख्खी काकडी, वरून लोक हसून राह्यले. इतका सराव केला, इतके वळ खाल्ले, डोळे शेवटी माझे झाले, अन् त्या उघड्या डोळ्यायनं पाहायचं काय, तर हे.

मंग बाई निंब ओलांडून आत आली. मातीत पाय ठेवला. आमच्या अखाड्यात तोवर कोणत्या बाईनं ठेवला नव्हता. वाकून काकडी उचलली, पदराले पुसली.

"उठ रे," म्हणाली. "खायची वस्तू मातीत काय ठेवता."

सांजच्याले भाऊजी आमच्या ओट्यावर बसला होता. पंचमीचं जेवण होतं, जावई म्हणून यावंच लागलं. मी तापलेलाच होतो.

"काहून थांबले? बाईनं म्हटलं म्हणून?"

"हट. इतक्या लोकात बायकोचं कोण आयकते? मारणारच होतो."

"मंग?"

"तू रोज डोळे मिटत होता. मिटल्या डोळ्याच्या माणसावर हात चालते. आज तू माह्याकडं पाहून राह्यला होता, बावा."



उस्तादानं मले आपलं म्हटलं. डोळे उघडे ठेवून झोपला, पट्टा चालला का नाई चालला, म्हणे, त्याचा हिशेब तुझ्याकडं नाई. पण ज्यानं पट्टा उगारून तसाच खाली घेतला, त्याच्या हातात तो परत द्यायचा नाई, हाही रिवाजच होता. मी उस्तादाचे पाय धरले. "मी आणखी झोपतो, त्यायले एकदा द्या."

"रिवाज माहा नाई रे," ते म्हणाले. "माह्या उस्तादाचा आहे. मी कसा मोडू?"

पंचमी मात्र मोडू शकले. हे मी त्यायले बोललो नाई. बोलायले पाहिजे होतं का नाई, ते अजून ठरलं नाई.

भाऊजी काही दिवस लाठी खेळायले येत राह्यला. पोट्टे त्याले "वकिलाचा नवरा" म्हणत. मी एकाचं नाक फोडलं, दुसरा म्हणायले लागला. किती नाकं फोडणार? मंग तो यायचा थांबला.

बाईनं पुढंही दर साली माझ्यासाठी चवथ धरली. दुसऱ्या दिवशी मी जेवायचं बोलावणं द्यायले लाईनीपलीकडं जाऊ. भाऊजी आदरानं बसवे, चहा पाजे, डेपोतल्या गोष्टी सांगे. निघताना मी म्हणू, "चला न, माय वाट पाहून राह्यली."

"हौ, तू हो समोर, मी येतोच," तो म्हणे.

पंचमीले तो आमच्या घरी परत कधी जेवला नाई.