चाचांचं बोट

मी अख्ख्या गावाच्या नकला करतो, पण चाचांचं बोट काही जमत नाही.

ईदला अस्लमकडे शीरखुर्मा खायला गेलो, तर तो फुगून बसलेला. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी कुराणातली 'सापडतील तिथे मारा' ही ओळ टाकली होती, आणि मी त्याखाली 'खरंय का रे?' विचारलं होतं.

त्याचे वडील, म्हणजे चाचा, मला म्हणाले, "आधी माझी नक्कल कर."

मी त्यांच्या आवाजात गरजलो, "तंगडी मोडीन तुझी."

"हे मी कधी म्हणालो?"

"आम्ही विहिरीच्या कठड्यावर चढलो तेव्हा."

"विहिरीची गोष्ट वगळलीस, तर लोक मला राक्षस समजतील ना, बेटा."

हातपाय धुऊन त्यांनी कुराण उघडलं. बोट त्या ओळीवर नाही, एक ओळ वर ठेवलं, आणि अर्थ सांगत सावकाश खाली आणलं. तुमच्याशी लढतात त्यांच्याशीच लढा, हद्द ओलांडू नका, ते थांबले की तुम्हीही थांबा.

माणसंही अशीच एक ओळ वरून वाचायला हवीत. अस्लमचं फुगणंही वरून वाचलं, तर नुसती मैत्रीच निघेल.

त्यानं शीरखुर्म्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "आता हे सगळं ग्रुपवर अब्बांच्या आवाजात सांग."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी विहीर सांगितली, मग तंगडी.