तो सुटला नाही

दादाला दोरानं बांधलं होतं. लकडगंजातल्या लाकडाच्या टालीवर, सागाच्या ओंडक्यांमधे लोखंडी खांब होता, त्याला. भर दुपार. आरा मशीन बंद करून सगळे मजूर भोवती उभे. कोणी हसत होता, कोणी नुसताच बघत होता. मी घरी बिड्या बांधत बसले होते. निरोप आला तशी उठले, तंबाखूच्या हातांनी धावत आले.

दादा माझ्याकडं बघत नव्हता. ओठ हलत होते. पायजमा ओला झाला होता.

काय केलं होतं त्यानं? मालकाच्या गादीवर जाऊन बसला होता. मालकाच्या माठातलं पाणी मालकाच्याच गिलासानं प्यायला होता. आणि म्हणाला होता, मशीन बंद करा, ओंडके ओरडून राहिले.

मालक ओट्यावर उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "इतके वर्सं काम केलं यानं. कधी पायरी नाही चढला. आज चढला. मंग पागल नाही तं काय?"

ओंडके ओरडतात, याचं त्याला काही नव्हतं. आमच्यातला माणूस गादीवर बसला, हेच त्याच्या लेखी वेड.

मुनीम मला म्हणाला, "माठ फोड. अन् गादीची चादर धुवून दे. मंग सोडू त्याले."

मी माठ फोडला. चादर टालीच्या नळावर धुतली. सगळे बघत होते. माझी मान खाली होती. वाळूत सांडलेलं पाणी पटकन जिरून गेलं, तेवढं दिसलं.

दोर सोडला तेव्हा दादाच्या मनगटांवर वळ होते. हात धरून मी त्याला घरी आणलं. वाटेत पोरं मागं लागली.

बाप गेल्यावर ह्याच दादानं घर चालवलं होतं. मनोहर त्याचं नाव. शांत माणूस. लाकडाच्या नुसत्या वासावरून झाड ओळखायचा. आता तो भिंतीकडं तोंड करून बसे, कान दाबून. शेजारणी म्हणाल्या, भायेरचं लागलं, भगताकडं न्या. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आईनं घरातले सगळे देव नदीत सोडले होते. ती म्हणाली, "सोडले ते सोडले. आता कोणत्या तोंडानं बलावू त्यायले?" म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर घाईत होता. पण गोळ्या दिल्या. जाता जाता म्हणाला, गोळ्या चुकवू नका, याला एकटं सोडू नका, याच्याशी वाद घालू नका.

वाद न घालणं सगळ्यात कठीण. दादा म्हणायचा, त्या भिंतीतून बोलून राहिले. मी म्हणायची, "कोणी नाही बोलत गा दादा, उगाच काही." तो आणखी जोरात कान दाबायचा. कधी कपाळ भिंतीवर आपटायचा. आई रडायची. मी समजावायची. जितकं समजावलं तितका तो लांब गेला.

मग एक दिवस तोच बोलला. आवाज साफ होता.

"तुले नाही ऐकू येत, मान्य. मले येते. तू मले खोटा नको पाडू वं. मले भेव लागते."

मी विचारलं, "भेव कशानं कमी होईन?"

तो म्हणाला, "बाजूनं बस. समोर नको बसू. समोर बसलं का वाटते, खांबाले बांधलाच हावो."

मी त्याच्या बाजूला सरकले. पानं, तंबाखू, सूप घेऊन. बिड्या बांधत राहिले. बोलले नाही. थोड्या वेळानं त्यानं कानावरचे हात काढले.

तो माझा पहिला धडा. भिंतीतले आवाज मला ऐकू येत नव्हते, पण त्याचं भेव तर दिसत होतं. मी त्या भेवाशी बोलू लागले. आज जास्त हाय का, कमी? पाणी देऊ? मी इथंच हावो.

गोळ्यांनी, बाजूला बसण्यानं, हळूहळू फरक पडला. तो जेवू लागला. आईच्या भाकरीला नावं ठेवू लागला, तेव्हा आई पदराआड हसली. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात. त्याच्या आधी त्यानं सरपणातून लाकडाचे तुकडे निवडले आणि वस्तीतल्या पोरांसाठी बैल कोरले. मजबूत वशिंडाचे, चाकावर चालणारे. कोणाचं शिंग थोडं वाकडं. पोरं उड्या मारत घेऊन गेली. त्या दिवशी दादा दारात उभा राहिला, कित्येक महिन्यांनी.

संध्याकाळी बैल परत येऊ लागले. एक बाई पोराचा कान धरून आली, बैल उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "पागलाच्या हातचं नको आमाले." मग दुसरी आली. मग कोणी काही बोललंही नाही, नुसते ठेवून गेले. हे टालीचे मालक नव्हते. आमचेच लोक. सकाळ-संध्याकाळ आमच्यासोबत वंदना म्हणणारे.

दादानं बैल उचलले, कोपऱ्यात नीट ओळीनं लावले. काही म्हणाला नाही. नंतरही नाही. आवाजांचं बोलला नाही, भेवाचं बोलला नाही. गोळ्या वेळेवर घ्यायचा. गप्प झाला म्हणजे बरा झाला, असं आम्हाला वाटलं. गप्प माणसालाच आधी विचारावं लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पाऊसकाळ सरता सरता दादा गेला. स्वतःहून गेला. त्याहून जास्त मी कोणाला सांगत नाही.

अंगण भरलं. टालीवरचा मुनीमही आला. आईसमोर उभा राहून म्हणाला, "सुटला बिचारा. अन् तुमी बी सुटल्या." भोवतीच्या बायांनी माना हलवल्या. हो, सुटला. आईसुद्धा मान हलवायला लागली. ते मला बघवलं नाही.

मी उठले. ज्या माणसासमोर मान खाली घालून चादर धुतली होती, त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तो सुटला नाही, मुनीमजी. त्याले जगू देलं नाही. टालीवर तुमी, अन् इथं ह्या लोकायनं. तो पागल नव्हता. बिमार होता. मनोहर नाव होतं त्याचं. मैताले आले असान तं नाव घेऊन रडा. नाही तं निंगा."

मग मुनीम गेला. त्याच्यामागं काही बायाही गेल्या. आई मला बिलगून रडली, तेव्हा कुठं मी रडले.

नंतर मागच्या गल्लीत एक बाळंतीण अशीच गप्प झाली. लेकराला जवळ घेईना, जेवेना. दारात गर्दी. सासू मला बघून म्हणाली, "तू काहून आली वं? तुह्या घरी काय झालं, सारी वस्ती जाणते."

"म्हणूनच आली," मी म्हटलं.

गर्दीला हाकललं. आत जाऊन तिच्या बाजूला बसले. पुष्कळ वेळानं विचारलं, "मरावं असं वाटते का?" दादाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती माझ्याकडं वळली. नुसती मान हलली, आणि मग रडणं फुटलं. तिचा हात मी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत आम्ही दोघी होतो, लेकरू माझ्या कडेवर.

ती वाचली. पण म्हणून काही दादा परत आला नाही. त्याच्या जाण्याची आग मनात तशीच आहे, विझू नये असंच मला वाटतं.

मी डॉक्टर नाही. औषधं मला कळत नाहीत. पण ह्या वस्तीत कोणाच्या मनाचं दुखणं यापुढं तमाशा होणार नाही. कोणी हसेल, त्याला मी तिथंच थांबवीन. मग तो गादीवरचा असो, की माझ्या रक्ताचा.