कोब्याखालचा खड्डा

दामू वायरमनची नक्कल करायची तर नाक जरा दाबून धरावं, टेस्टर कानावर खोचावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दम द्यावा, "लाइट हाय ती, तुमची पावनी नाय!" माणूस सापगावचा, पण हे वाक्य आमच्या टोकावड्यातल्या पोरासोरांच्याही तोंडी होतं.

अठ्ठ्याण्णव साली म्हसा गावच्या जत्रेत शेजारचा पंढरी बैल बघायला गेला आणि कॉइलची शेगडी घेऊन आला. रॉकेल मिळेना, सरपणाला रान लांब. बायको रुपाला सोपं पडेल म्हणून. जोडायला दामूला बोलावलं.

दामूने आधी शेगडीची दोन पिनांची वायर तोडून फेकली. "दिव्याच्या वायरीवर शेगडी? बोकडाला नांगर जुपतो काय रे?" मेन बोर्डापासून त्याने वेगळी जाड वायर ओढली, शेगडीपुरता वेगळा फ्यूज बसवला आणि तीन पिनांचा मोठा सॉकेट ठोकला.

पंढरीची आई गिरजा कमरेवर हात ठेवून उभी. "तिसरी पिन कशाला? मानूस दोन पायांवर चालतो."

"मानूस पडतो बी, मावशे."

मग घरामागे छातीएवढा खड्डा. त्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मीठ बघून गिरजा कळवळली, "जमिनीला लोनचा घालतो काय?" दामूने समजावलं, शेगडीच्या पत्र्यात लाइट उतरली तर ती तिसऱ्या पिनेतून या पाइपात येते, मातीत जाते आणि फ्यूज उडतो. माती सुकली की वाट बंद. "रोज बादलीभर पानी वता. भांड्याचं, धुन्याचं, कसलं बी चालंल."

हे सगळं त्याने पंढरीला आणि गिरजाला सांगितलं. रुपा आत होती. त्या घरात सून परक्या पुरुषासमोर बोलत नसे. दाराआडून कुजबुज आली, ती गिरजाने बाहेर आणली, "ती इचारते, बटन आदी का भांडं आदी?"

"बटन बंद, पिन बाहेर, मंग भांडं. उतरवताना बी तसंच. सांग तिला."

"बटन बंद गो, मंग भांडं!" गिरजाने आत ओरडून सांगितलं. पिन काढायचं मधेच गळलं. खड्ड्याचं तर कुणी आत सांगितलंच नाही. रुपा भांड्याचं पाणी तिथे ओतायची, कारण सासूने ती जागा दाखवली होती. एवढंच तिला माहीत.

मे महिन्यात पंढरीच्या बहिणीचं, चिमीचं लग्न निघालं. मांडवाला माळा लावायला दामू आला आणि घरामागे जाऊन थबकला. तिथे गुळगुळीत सिमेंटचा कोबा.

"पंढरी, पाइप कुटं गेला?"

"खाली हाय. जेवनाऱ्यांच्या पायात येत हुता. वरून कापला नि कोबा मारला."

"फोड."

"आता? हळद लागली घरात! लगीन झालं का मी स्वता पहार मारतो. शेगडी चालते ना? मंग?"

मेन बोर्डावरचा शेगडीचा फ्यूज काढून खिशात टाकायला दामूला दहा सेकंद लागले असते. पण तेवढ्यात त्याच शेगडीवरचा चहा बाहेर आला. कप हातात घेऊन तो म्हणाला, "बरं."

लग्न झालं. पंढरीची पहार कोपऱ्यातच राहिली. रुपाला भांड्याचं पाणी टाकायला दुसरी जागा दाखवली.

मे सरताना एका सकाळी पेज उतू गेली. गिरजा पडवीतून ओरडली, "गो, वास येतो ना! उतरव की!" आत पेज चरचरतच राहिली. "कानात बोळं घातलं का?" म्हणत ती आत गेली. रुपा शेगडीशी बसल्यासारखी दिसत होती, ओला हात पत्र्याच्या कडेला. पंढरीने मेन पाडला, तोवर उशीर झाला होता. जीपने मुरबाडला नेली, पण वाटेतच संपली.

तिसऱ्या दिवशी दामू आला. शेगडीचा फ्यूज काढून उन्हात धरला. आतली तार अख्खी होती. वाटच बंद, तर तो उडणार कसा?

गिरजा अंगावर धावली, "तुजीच वायर, मेल्या! तुज्या वायरीनं माजी सून नेली!"

पंढरी खाली बघत होता. कोब्याकडे बोट दाखवायची दामूला मुभा होती. त्याने दाखवलं नाही. "व्हय मावशे," तो म्हणाला. "मी बगितलं हुतं."

त्यानंतर शेगडी जोडायला गेला की तो आधी विचारतो, "रांदनार कोन?"

"सून. आत हाय."

"भायेर बोलवा. तिलाच सांगनार."

काही घरं त्याला दारातूनच परत पाठवतात, "आमच्यात नाय चालत तसलं." तिथे मग कुणीतरी दोन पिनांत काम उरकून जातो. गेल्या वर्षी शहापूरकडच्या एका घरात मात्र सून पदर ओढून बाहेर आली. दामूने तिच्याकडून सगळं तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा ती थांबली आणि हळूच म्हणाली, "नि घरातल्यांनीच खड्डा बुजवला तर?"

सासरा खाकरला. दामूने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"तर पिन काड. चूल पेटव," तो म्हणाला. "नि शिव्या खा."